न्यूयॉर्कचा उघडा फलाट

१५ जानेवारी २०२२ च्या शनिवारी सकाळी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर स्थानकात गाडीची वाट पाहणाऱ्या चाळीस वर्षांच्या एका महिलेला एका अनोळखी माणसाने येणाऱ्या गाडीपुढे ढकललं. दोघांत बाचाबाची झाली नव्हती, साधं बोलणंही नाही. त्या माणसाला मनोविकार होता, तो बेघर होता, पूर्वी तुरुंगात राहून आलेला होता. पोलिसांनी नंतर सांगितलेल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की त्या वेळी स्थानकात सहा पोलीस होते आणि त्यांतले दोघे त्याच फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. दुसरी अशी, की तो माणूस आधी दुसऱ्याच एका स्त्रीजवळ गेला होता. तिला त्याची भीती वाटली, ती बाजूला सरली आणि वाचली. म्हणजे बंदोबस्त होता आणि सावधपणाही होता. पुढचे कितीतरी आठवडे शहराने एकमेकांना जे दोन उपाय सांगितले, ते हेच होते: पोलीस वाढवा, आणि भिंतीला पाठ लावून उभे राहा. फलाटावरचे लोक खरोखरच भिंतींना आणि खांबांना टेकून उभे राहू लागले. त्या स्त्रीच्या सावधपणाने तिचा जीव वाचवला, यात शंका नाही. पण फलाट जसा होता तसाच राहिला, आणि पुढच्या मिनिटाला त्याच्या कडेवर दुसरं कुणीतरी उभं होतं.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक दुर्घटनेनंतर शहराची भीती एका माणसाच्या शोधात निघालेली दिसते. कधी तो माणूस वेडा ठरतो, कधी द्वेषाने पेटलेला, कधी बेघर, तर कधी बेसावध प्रवासी. ही भीती खोटी नव्हती आणि तिच्यातून काही चांगलंही घडलं. पण जिथे माणूस आणि धावती गाडी यांच्यात काहीच नसतं, त्या कडेकडे शहराचं लक्ष फार उशिरा गेलं, आणि गेलं तेही अर्धवट. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे.

सुरुवात १९९९ पासून करावी लागते. ३ जानेवारीच्या रविवारी संध्याकाळी २३ व्या रस्त्यावरच्या स्थानकात बत्तीस वर्षांच्या एका तरुणीला अशाच प्रकारे गाडीपुढे ढकलण्यात आलं. ढकलणाऱ्याला स्किझोफ्रेनिया होता. खटला जसजसा उभा राहिला तसतशी बाहेर आलेली माहिती मात्र लोकांच्या कल्पनेपेक्षा वेगळी होती. हा माणूस उपचार टाळत फिरत नव्हता. तो स्वतःहून पुन्हा पुन्हा रुग्णालयांच्या दारात गेला होता, मला आत घ्या म्हणत होता. प्रत्येक वेळी थोडे दिवस ठेवून त्याला बाहेर काढलं गेलं. घटनेच्या जेमतेम तीन आठवडे आधी त्याची अशीच एका रुग्णालयातून रवानगी झाली होती. १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी मनोरुग्णालयांत नव्वद हजारांहून अधिक रुग्ण होते. शतक संपता संपता ती संख्या काही हजारांवर आली होती. कोंडवाड्यासारखी ती रुग्णालयं बंद करणं न्याय्यच होतं. पण त्यांच्या जागी वस्तीवस्तीत उपचारकेंद्रं, देखरेख आणि राहायला खोल्या देण्याचं जे वचन होतं, ते पुरं झालं नाही. अशा वेळी त्या तरुणीच्या कुटुंबाने सूडाची भाषा केली नाही, कायदा मागितला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो झाला. तिच्याच नावाने तो केंड्राज लॉ म्हणून ओळखला जातो. गंभीर मनोविकार असलेल्या आणि उपचार वारंवार सुटणाऱ्या माणसाला बाहेर राहूनच उपचार घेण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, आणि ते पुरवण्याची जबाबदारी यंत्रणेवर येते. सक्तीच्या मुद्द्यावर त्याच्यावर टीका झाली, आजही होते. तरी ज्यांना या कायद्याखाली नीट उपचार मिळाले त्यांचं रुग्णालयात परत जाणं, बेघर होणं आणि अटक होणं कमी झालं, असं राज्याच्या पाहणीत दिसलं. भीतीतून निघालेला हा कायदा कामाचा होता, हे मान्य केलंच पाहिजे.

पण हा कायदा फलाटाला लागू नव्हता. ती तरुणी गेल्यानंतर चार महिन्यांच्या आत दुसऱ्या एका स्थानकात एका माणसाला ढकललं गेलं आणि त्याचे दोन्ही पाय गेले. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये एकाच महिन्यात दोन मृत्यू झाले. पहिल्यात रुळांवर पडलेल्या माणसाचं, गाडी अगदी जवळ आलेली असतानाचं छायाचित्र एका वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापलं. मग शहरभर वाद पेटला तो छायाचित्रकाराने हात का दिला नाही आणि संपादकाने ते का छापलं, यावर. दुसरा मृत्यू भारतीय वाचकाला अधिक जवळचा वाटेल. कोलकात्याहून न्यूयॉर्कला गेलेला, कष्टाने पैसे साठवून स्वतःचं छपाईचं छोटं दुकान नुकतंच थाटलेला एक माणूस क्वीन्स भागातल्या उंचावरच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होता. त्याला ढकलणाऱ्या स्त्रीने पोलिसांना सांगितलं, की २००१ च्या हल्ल्यांपासून आपल्याला हिंदू आणि मुसलमानांचा राग आहे. तिला चोवीस वर्षांची शिक्षा झाली. दक्षिण आशियाई लोकांच्या मनात त्या दिवसांत जी धास्ती बसली, तिला कुणीही अतिरेकी म्हणू नये. कातडीचा रंग पाहून कुणी मागून हात घालू शकतं, हे ज्याला कळलं तो फलाटावर पूर्वीसारखा उभा राहू शकत नाही. २०२२ मध्ये मारली गेलेली महिला आशियाई वंशाची होती. त्या प्रकरणात वंशद्वेषाचा पुरावा पुढे आला नाही. तरीही करोनाकाळात आधीच हल्ले सोसलेल्या आशियाई समाजाला तो घाव आपल्याच अंगावरचा वाटला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ढकलण्याच्या घटना वर्षाला साधारण पंधरा ते तीस. रोज लाखो माणसं प्रवास करतात. मग हे भय म्हणजे बातम्यांनी फुगवलेला बागुलबुवा नाही का? आकडे तसेच आहेत. २०१२ मध्ये, त्या दोन मृत्यूंच्या वर्षी, या रेल्वेत दीड अब्जाहून अधिक फेऱ्या झाल्या. पण त्याच वर्षी १४१ माणसांना गाडीची धडक बसली आणि त्यांतली ५५ दगावली. २०२१ मध्ये, प्रवासी अजून करोनापूर्व संख्येपर्यंत आलेले नसताना, माणसं रुळांवर गेल्याच्या बाराशेहून अधिक नोंदी झाल्या आणि ६८ जण मेले. त्यांतले बरेच स्वतःहून उतरलेले होते. कुणी जीव द्यायला, कुणी पडलेली वस्तू घ्यायला, कुणी भ्रमात. काही भोवळ येऊन, दारूच्या नशेत किंवा पाय घसरून पडले होते. म्हणजे आकडेवारी लोकांच्या भीतीला पूर्ण खोटं पाडत नाही. धोका लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे, फक्त त्यातला ढकलण्याचा वाटा लहान आहे. पन्नास-साठ मृत्यूंतल्या एका-दोघांच्या बातम्या होतात, कारण तिथे एक खलनायक हाती लागतो. उरलेल्यांच्या बाबतीत दोष देण्यासारखं कुणी सापडत नाही, आणि ज्याला दोषी नाही त्या मृत्यूचं भय समाजाला टिकवून धरता येत नाही. जपानमधल्या अंध प्रवाशांनी रेल्वेच्या फलाटाला कठडा नसलेला पूल म्हटलेलं आहे. इतकं नेमकं वर्णन कुठल्याही सुरक्षा-अहवालात मला मिळालं नाही. पुलाला कठडा नसेल तर माणसं का पडतात याची चौकशी प्रत्येकाच्या स्वभावात शिरून कुणी करत नाही. ढकललेला, घसरलेला, खचलेला, न दिसणारा, चक्कर आलेला, या सगळ्यांची शेवटची दोन पावलं एकाच जागी पडतात.

ही जागा अशी का झाली, याला इतिहास आहे. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सिटी हॉलपासून १४५ व्या रस्त्यापर्यंत न्यूयॉर्कची पहिली भुयारी गाडी धावली. स्थानकं अठ्ठावीस, तिकीट पाच सेंट. मुख्य अभियंता विल्यम बार्कले पार्सन्स यांनी लंडनसारखी खोल बोगद्यांची वाट न धरता रस्ता उकरून, खाली मार्ग बांधून, वर पुन्हा रस्ता घालण्याची पद्धत घेतली. त्यामुळे लोकांना चार पायऱ्या उतरून गाडी मिळाली, ही मोठीच सोय झाली. पण डोक्यावरचा रस्ता पेलायला लोखंडी खांबांच्या रांगा लागल्या आणि त्या कित्येक ठिकाणी फलाटाच्या कडेला अगदी खेटून उभ्या राहिल्या. नंतर दुसऱ्या कंपनीने आणि मग खुद्द शहराने आपापले मार्ग बांधले. डबे कुठे अरुंद, कुठे रुंद, कुठे साठ फुटांचे, कुठे पंचाहत्तर फुटांचे. १९४० मध्ये सगळं शहराच्या एका छत्राखाली आलं, तरी मापं वेगळीच राहिली. आजही काही फलाटांवर येणाऱ्या वेगवेगळ्या गाड्यांचे दरवाजे वेगवेगळ्या जागी उघडतात. शेजारी सहाशेहून अधिक व्होल्टचा तिसरा रूळ. हे सगळं ज्या काळात बांधलं गेलं तेव्हा रेल्वेच्या फलाटाला कठडा असावा, हा विचारच कुठे नव्हता. त्या अभियंत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न त्यांच्यानंतरच्यांचा आहे.

फलाटाच्या कडेवर भिंत आणि तिच्यात गाडीबरोबर उघडणारे दरवाजे, ही कल्पना प्रत्यक्षात आली ती लेनिनग्राडला. १९६१ मध्ये उघडलेल्या तिथल्या पार्क पोबेदी स्थानकात गाडी दिसतच नाही. भिंतीतली लोखंडी दारं उघडतात आणि माणूस थेट डब्यात शिरतो. लोकांनी त्या रचनेला आडवी लिफ्ट म्हटलं. ती निवडण्यामागे बांधकामाच्या खर्चाचा हिशेब होता. १९८३ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात दरवाजे आले, कारण गाडीला मोटरमन नव्हता. १९८७ मध्ये सिंगापूरने भुयारी स्थानकांना काचेचे दरवाजे लावले ते मुख्यतः वातानुकूलनाची थंड हवा बोगद्यात वाया जाऊ नये म्हणून. या तिन्ही ठिकाणी माणसाचा जीव हे पहिलं कारण नव्हतं. जीव वाचले, पण ते पैसे, वीज किंवा पगार वाचवण्याच्या ओघात. म्हणूनच हे परवडत नाही असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा ते तपासून घ्यावं लागतं. फायदा रेल्वे चालवणाऱ्याच्या खात्यात जमा होणार असेल तिथे परवडलं आहे.

हाँगकाँगने हा खर्च उघडपणे लोकांपुढे मांडला. जुन्या भुयारी स्थानकांना २००२ ते २००६ या काळात दरवाजे बसवले गेले आणि त्यासाठी प्रवासभाड्याच्या ऑक्टोपस कार्डावरच्या प्रत्येक फेरीमागे हाँगकाँगचे दहा सेंट घेतले गेले. रक्कम किरकोळ, पण सगळ्यांची. नंतरच्या अभ्यासात असं आढळलं, की दरवाजे लागलेल्या मार्गांवर आत्महत्या सुमारे साठ टक्क्यांनी घटल्या आणि उघड्या राहिलेल्या स्थानकांवर त्या वाढल्या नाहीत. ज्याला मरायचंच आहे तो दुसरी जागा शोधतो, हे फार ऐकू येणारं विधान इथे टिकलं नाही. खचलेल्या माणसाच्या आयुष्यात काही मिनिटांचा अडथळाही त्याला परत फिरवू शकतो. पॅरिसची मेट्रो न्यूयॉर्कपेक्षाही चार वर्षांनी जुनी. तिचा १९०० सालचा पहिला मार्ग विनाचालक करताना २००९ नंतर सगळ्या स्थानकांवर अर्ध्या उंचीचे दरवाजे बसले, तेही बहुतेक काम रात्री करून, वाहतूक चालू ठेवून. टोकियोच्या कंपन्यांनी २०२३ पासून तिकिटात दहा येनपर्यंत भर घालून हाच मार्ग धरला आहे.

न्यूयॉर्कच्या बाजूनेही ऐकून घेऊ. २०२२ च्या जानेवारीत, टाइम्स स्क्वेअरच्या घटनेनंतर काही दिवसांतच, तिथल्या वाहतूक प्राधिकरणाचा सविस्तर अभ्यास लोकांसमोर आला. ४७२ पैकी फक्त १२८ स्थानकांवर दरवाजे बसवता येतील आणि त्याला सात अब्ज डॉलर लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. खांब, वळणं, अरुंद फलाट, चाकाच्या खुर्चीला लागणारी जागा, वेगवेगळे डबे, वजन न पेलणारी जुनी लादी ही कारणं खरी आहेत. पॅरिसच्या त्या मार्गावर सगळ्या गाड्या सारख्या होत्या, हेही खरं. पण या कारणांनी जुन्या स्थानकांचा खुलासा होतो, नव्यांचा होत नाही. हडसन यार्ड्सचं स्थानक २०१५ मध्ये उघडलं आणि सेकंड अव्हेन्यूची तीन २०१७ च्या पहिल्या दिवशी. खांब नसलेले, ऐसपैस, नवेकोरे फलाट, आणि कडा मात्र १९०४ सारखीच उघडी. सेकंड अव्हेन्यूच्या आखणीत दरवाजांचा विचार झाला होता. तो सोडून देण्यात आला. त्याच शहरात केनेडी विमानतळाला जोडणाऱ्या गाडीच्या प्रत्येक स्थानकावर २००३ पासून दरवाजे आहेत. क्वीन्समधल्या जमैका इथे विमानाचा प्रवासी काचेच्या सुरक्षित भिंतीमागे उभा असतो आणि त्याच इमारतीच्या खाली, कामावर जाणारा प्रवासी उघड्या कडेवर. हा फरक खांबांनी केलेला नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत प्राधिकरणाने तीन स्थानकांवर प्रायोगिक दरवाजे लावण्याचं जाहीर केलं. त्यांत टाइम्स स्क्वेअर होतं आणि जमैकाचं हे खालचं स्थानकही होतं. २०२४ संपलं तरी ते उभे राहिले नव्हते. मार्च २०२४ मध्ये राज्यपालांनी भुयारात साडेसातशे नॅशनल गार्ड उतरवले, ते काम काही दिवसांत झालं. त्याच महिन्याच्या अखेरीस १२५ व्या रस्त्यावर आणखी एक माणूस ढकलला जाऊन मेला. आशेची गोष्ट एवढीच, की त्या वर्षाच्या सुरुवातीला १९१ व्या रस्त्याच्या स्थानकापासून पिवळे लोखंडी कठडे बसायला लागले. गाडीचे दरवाजे येतात तिथे ते उघडे असतात, पण मधल्या जागेत टेकायला, धरायला काहीतरी आहे. दोन दशकांपूर्वीही लोखंड मिळत होतं.

माणूस शोधणाऱ्या भीतीची दुसरी किंमतही मोजावी लागते. १९८४ मध्ये एका प्रवाशाने डब्यात चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या आणि घाबरलेल्या शहराने काही काळ त्याला डोक्यावर घेतलं. मे २०२३ मध्ये डब्यात आरडाओरडा करणाऱ्या एका बेघर, मनाने आजारी तरुणाचा गळा एका प्रवाशाने आवळून धरला. तो तरुण मेला. न्यायालयाने आवळणाऱ्याला दोषी धरलं नाही. निकाल काहीही असो, सततच्या धास्तीत जगणाऱ्या गर्दीला आजारी माणूस आणि मारेकरी यांत फरक करणं जड जातं. यावर कुणी म्हणेल, की दरवाजे लावले की आजाऱ्यांची जबाबदारी झटकायला सरकार मोकळं. मला उलट वाटतं. कडा बंद झाली तर प्रत्येक मळकट कपड्यातल्या माणसाकडे संभाव्य खुनी म्हणून पाहण्याची गरज उरत नाही आणि त्याच्या उपचारांवर शांतपणे बोलता येतं. १९९९ चा तो रुग्ण दारं ठोठावत होता तेव्हा त्याला आत घेतलं असतं तर एक जीव वाचला असता. फलाटाला दरवाजा असता तरी वाचला असता. दोन्ही हवं होतं.

आणि दरवाजा लागला म्हणजे काम संपलं असंही नाही. सोलने २००९ अखेर आपल्या भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्थानकांना दरवाजे लावून जगाला दाखवलं. २८ मे २०१६ रोजी तिथल्या गुई स्थानकात नादुरुस्त दरवाजा दुरुस्त करताना एकोणीस वर्षांचा कंत्राटी कामगार गाडी आणि दरवाजा यांच्यामध्ये सापडून मेला. नियम दोघांनी जाण्याचा होता, तो एकटा होता. कारण तासाभरात पोचण्याची सक्ती होती आणि माणसं पुरेशी नव्हती. त्याच्या पिशवीत अवजारांबरोबर न उघडलेला नूडल्सचा कप मिळाला. आधी चूक त्याच्याच माथी मारली गेली. पण २०१३ आणि २०१५ मध्येही दुरुस्ती करणारे असेच मेले होते, हे लोकांना आठवलं. स्थानकाच्या काचा श्रद्धांजलीच्या चिठ्ठ्यांनी भरून गेल्या आणि शेवटी महापालिकेला हे काम कंत्राटातून काढून कायम नोकरीत आणावं लागलं. इथे लोकांच्या संतापाने मेलेल्या पोराला दोष देणं नाकारलं आणि पाळीपत्रक मागितलं. दुर्घटनेनंतरची भीती आणि दुःख योग्य जागी कसं वळतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर तेवीस जण चेंगरून मेले, तेव्हा रेल्वेच्या चौकशीने पावसाकडे बोट दाखवलं. प्रवासी वर्षानुवर्षं मागत असलेला नवा पूल मात्र लष्कराने पाच महिन्यांत उभा केला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं पडून मेली, त्यानंतर स्वयंचलित दरवाजांच्या डब्यांची घोषणा झाली. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याच्या फलाटांवर पहिल्या दिवसापासून पूर्ण उंचीचे दरवाजे आहेत, हे मुंबईने न्यूयॉर्कच्या पुढे टाकलेलं पाऊल आहे. आता या दरवाजांची दुरुस्ती कोण करतं, एका पाळीत किती माणसं असतात, ती कायम आहेत की कंत्राटी, आणि दुरुस्ती चालू असताना गाडी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे का, हे मेट्रो महामंडळाने दर वर्षी जाहीर करावं. प्रवासी संघटनांनी, पत्रकारांनी आणि नगरसेवकांनी ही मागणी एखाद्या कामगाराचा बळी जाण्याची वाट न पाहता आत्ताच लावून धरावी.